कॅलरी मोजायच्या की भाकरी सोडायची?

अ‍ॅपमध्ये ‘कांदेपोहे, एक प्लेट’ असं टिपलं की क्षणात आकडा उमटतो, समजा २५०. हा आकडा कोणाच्या घरच्या पोह्यांचा? माणशी दोन मुठी म्हणजे साठेक ग्रॅम कोरडे पोहे धरले, तरी त्यांच्याच २१० कॅलरी होतात. फोडणीत माणशी दोन लहान चमचे तेल पडलं तर त्याच्या नव्वद, अर्धी मूठ शेंगदाण्यांच्या ऐंशी-पंच्याऐंशी, आणि वरून शेव, ओलं खोबरं भुरभुरलं तर ते वेगळंच. बेरीज चारशेच्या पलीकडे जाते. त्याच घरात दुसरं कोणी ‘पोहे म्हणजे नुसती कर्बोदकं’ म्हणत बशी बाजूला सारतं आणि तासाभरात पोटात खड्डा पडला म्हणून डब्यातले पन्नास ग्रॅम बदाम-काजू तोंडात टाकतं. त्यांच्याही कॅलरी तीनशेच्या घरात जातात. पहिल्याचा हिशेब चुकलेला असतो, दुसऱ्याने हिशेब केलेलाच नसतो. महिनाभराने दोघंही वजनकाट्यावर उभे राहतात, आणि काटा हलला नाही की आपापल्या पद्धतीला नावं ठेवतात.

या दोन पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद मला चुकीच्या जागी पेटलेला वाटतो. वजन उतरतं ते खर्चापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली म्हणून. कॅलरी मोजणारा ही तूट वहीत मांडतो. कर्बोदकं कमी करणारा ती न मांडता घडवून आणतो. तेव्हा विचारायचं ते एवढंच, की आपल्या घरात, आपल्या कढईत आणि आपल्या ताटात कोणती चूक नेहमी होते आणि ती कोणत्या नियमाने पकडली जाते. माझं मत असं की मराठी स्वयंपाकघरात ताटागणिक कॅलरी मोजणं फार काळ टिकत नाही आणि कडक लो-कार्ब तर त्याहून कमी टिकतं. पण पहिल्याचं गणित घेऊन दुसऱ्याची थोडीशी कपात केली तर काम होतं. आणि ते गणित ताटात करण्यापेक्षा महिन्याच्या किराणा यादीवर केलेलं जास्त खरं निघतं. हे कसं, ते पुढे.

आधी पुरावा. २००३ साली अमेरिकेत ६३ स्थूल व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगात लो-कार्ब खाणाऱ्यांचं वजन तीन आणि सहा महिन्यांना दुसऱ्या गटापेक्षा स्पष्ट जास्त उतरलं होतं. वर्ष संपेपर्यंत मात्र दोन गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. २००९ साली ८११ जणांना चार प्रकारचे आहार दिले गेले. त्यांत कर्बोदकांचा वाटा ३५ टक्क्यांपासून ६५ टक्क्यांपर्यंत वेगवेगळा होता. सहा महिन्यांनी चारही गटांत सरासरी सहा किलो उतरले, दोन वर्षांनी त्यातले चारच टिकले, आणि कोणताही गट दुसऱ्याच्या पुढे गेला नाही. मग २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या चमूने ६०९ जणांना वर्षभर पाहिलं. एका गटाने स्निग्धांश कमी केले, दुसऱ्याने कर्बोदकं. पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो वजन उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो, आणि एवढा फरक योगायोगात मोडणारा होता. कोणाची जनुकं कशी आहेत किंवा कोणाचं शरीर इन्सुलिन किती सोडतं, यावरूनही कोणाला कोणता आहार लागू पडेल हे आधी सांगता आलं नाही. मात्र एकेका गटाच्या आत फरक प्रचंड होता: कोणी तीस किलोच्या आसपास वजन उतरवलं, तर कोणाचं उलट दहा किलो वाढलं.

गार्डनर यांच्या प्रयोगातली एक गोष्ट मला आकड्यांहून बोलकी वाटते. त्या ६०९ जणांपैकी कोणालाही कॅलरी मोजायला सांगितलेलं नव्हतं. दोन्ही गटांना एकच शिकवण होती: भाज्या भरपूर खा, साखर आणि मैदा टाळा, शक्यतो घरी शिजवलेलं, कारखान्यातून न आलेलं अन्न खा. तरीही दोन्ही गटांचं रोजचं खाणं त्यांच्याच नोंदींप्रमाणे पाचशे-सहाशे कॅलरींनी घटलं. म्हणजे तूट पडली ती वहीमुळे नाही, ताटात काय आलं आणि काय गेलं यामुळे.

यावर लो-कार्बवाल्यांचा आक्षेप ठरलेला असतो. त्यांचं म्हणणं, कॅलरी सगळ्या सारख्या नसतात. कर्बोदकांनी इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन चरबी साठवतं, आणि इन्सुलिन खाली आणलं की चरबी आपोआप वितळते. तर्क ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणूनच तो तपासला गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी माणसांना संस्थेतच मुक्कामाला ठेवून, प्रत्येक घास तोलून प्रयोग केले. २०१५च्या प्रयोगात १९ जणांच्या आहारातून एकदा कर्बोदकांच्या आणि एकदा स्निग्धांशाच्या तेवढ्याच कॅलरी कमी केल्या. इन्सुलिन उतरलं ते कर्बोदकं कमी केल्यावर. चरबी जास्त गेली ती मात्र स्निग्धांश कमी केल्यावर, दिवसाला ८९ ग्रॅम विरुद्ध ५३. २०२१च्या प्रयोगात २० जणांना हवं तेवढं खाण्याची मुभा होती. कर्बोदकं जास्त असलेल्या शाकाहारी, कमी स्निग्ध जेवणावर त्यांनी अगदी कमी कर्बोदकांच्या कीटो जेवणापेक्षा दिवसाला सुमारे ६९० कॅलरी कमी खाल्ल्या, आणि तेही रक्तातली साखर व इन्सुलिन चढलेलं असताना. दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे. २०१८च्या एका प्रयोगात, आधी वजन उतरवलेल्या १६४ जणांपैकी कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचा ऊर्जेचा खर्च दिवसाला दोनशेच्या आसपास कॅलरींनी जास्त दिसला होता. त्या मोजमापावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण वाद जिकडे झुको, इन्सुलिन पाडलं म्हणून कितीही लोणी खा, असं यातून निघत नाही.

मग लो-कार्ब सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो कसे जातात? त्यात बराचसा भाग पाण्याचा असतो. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. कर्बोदकं बंद झाली की हा साठा रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. गणपतीत चार मोदक पोटात गेले की साठा भरतो आणि काटा दोन दिवसांत दोन किलो वर दिसतो. पहिल्या आठवड्यात पेढे वाटणं जितकं चुकीचं, तितकंच गणपतीनंतर ‘सगळं वाया गेलं’ म्हणून हाय खाणंही चुकीचं, कारण दोन्ही वेळा चरबी फारशी हललेली नसते.

आता कॅलरी मोजणाऱ्यांकडे वळू. त्यांचं शास्त्र पक्कं आहे, अडचण मोजणाऱ्या हातात आहे. न्यूयॉर्कमध्ये झालेला १९९२चा एक प्रयोग या विषयात आजही सांगितला जातो. ‘आम्ही दिवसाला बाराशे कॅलरीसुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही’ असं म्हणणाऱ्या दहा जणांचा ऊर्जेचा खरा खर्च आणि खरं खाणं शास्त्रज्ञांनी मोजलं. त्यांच्या चयापचयात काही खोट निघाली नाही. पण प्रत्यक्षात ते जितकं खात होते त्यातलं सरासरी ४७ टक्के नोंदीत आलेलंच नव्हतं, आणि आपली हालचाल मात्र त्यांनी ५१ टक्के फुगवून सांगितली होती. ते खोटं बोलत नव्हते. माणसाला जेवलेलं आठवतं, येता-जाता तोंडात टाकलेलं आठवत नाही. त्यात पाकिटावरचे आकडेही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हेत. अमेरिकेत छापलेल्या आकड्यापेक्षा वीस टक्के जास्त कॅलरी निघाल्या तरी नियमाला चालतं. बदामासारखं कडक, पेशीत तेल कोंडून ठेवणारं फळ तर पुरतं पचतही नाही. त्याच्या कॅलरी पुस्तकी आकड्यापेक्षा जवळपास चतुर्थांशाने कमी शरीराला मिळतात, हे २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

आणि हे झालं पाकिटातल्या, एकेकट्या पदार्थांचं. आपल्याकडे अन्न एका पातेल्यात शिजतं आणि पाच ताटांत वाटलं जातं. भाजीत तेल पडतं ते अंदाजाने, पळीने. दाण्याचं कूट मुठीने. आणि आमटी कधी घट्ट तर कधी पाणचट. ‘एक वाटी आमटी’ ही नोंद म्हणूनच निव्वळ कल्पना असते. त्यात बहुतेक घरांत स्वयंपाक करणारी बाई शेवटी जेवते. कढईला लागलेली भाजी पुसून घेते, मुलाच्या ताटात उरलेला वरणभात टाकवत नाही म्हणून संपवते, चव बघताना दोन घास जातातच. हे कोणत्या अ‍ॅपमध्ये टिपायचं? वजन वाढल्याचा ठपका तिच्यावर ठेवून तिच्याच हातात आणखी एक हिशेबाची वही देणं मला तरी न्यायाचं वाटत नाही.

तरीही मोजणं पूर्ण सोडू नये. दोन आठवडे, फक्त दोन आठवडे, स्वयंपाकघरात छोटा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवून मोजून पाहावं. त्याचा उपयोग वजन उतरवण्यासाठी नाही, नजर तयार होण्यासाठी. पोळीचा गोळा काट्यावर ठेवला की कळतं, लहान फुलक्यात पीठ वीस-पंचवीस ग्रॅम असतं आणि त्याच्या ऐंशीच्या आसपास कॅलरी होतात. घडीच्या पोळीत पीठ पस्तीस ग्रॅम, घडीत तेल, वरून तूप, म्हणजे सहज दीडशे. ज्वारीच्या हातभर भाकरीत पीठ साठ-सत्तर ग्रॅम जातं आणि कॅलरी सव्वादोनशेला टेकतात. इथे एक गोड गैरसमज गळून पडतो. ‘पोळी सोडली, आता फक्त भाकरी खातो’ असं सांगणाऱ्याने पुष्कळदा काहीच सोडलेलं नसतं. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, सगळ्यांचं कोरडं पीठ शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आगेमागेच कॅलरी देतं. भाकरीत चोथा जास्त असतो, ती सावकाश चावावी लागते, एका भाकरीत पोट भरतं, हे तिचे खरे गुण; पण ती काही लो-कार्ब नव्हे. उपासाची साबुदाणा खिचडी तर दोन्ही पक्षांनी एकमताने नाकारावी अशी आहे: साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, आणि त्यावर तूप आणि कूट.

यावरूनच कडक लो-कार्ब आपल्याकडे का टिकत नाही ते कळतं. कीटो आहारात दिवसभराची कर्बोदकं साधारण पन्नास ग्रॅमच्या आत ठेवायची असतात. ज्वारीच्या एका जाड भाकरीत पंचेचाळीस ग्रॅम असतात. एका भाकरीत दिवस संपला. वरण, उसळ, पिठलं, दूध, केळं, या सगळ्यांत कर्बोदकं असल्यामुळे शाकाहारी माणसाच्या हाती उरतं पनीर, चीज, लोणी, बदाम आणि पालेभाज्या. खिशाला ते परवडलं तरी घरात दोन चुली मांडाव्या लागतात, आणि काही जणांचं घातक कोलेस्टेरॉल या आहारावर चांगलंच चढतं. मासे-अंडी-चिकन खाणाऱ्याला हे जरा सोपं जातं, एवढंच. सहा महिने रेटून सातव्या महिन्यात पुरणपोळीला शरण जाण्यापेक्षा ही वाट न धरलेली बरी.

पण म्हणून कर्बोदकांना हात लावूच नये असं नाही. उलट आपल्या ताटात कपातीला जागा भरपूर आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२५ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून घेतो आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. त्याच पाहणीतल्या अठरा हजारांवर प्रौढांच्या आहारावरून २०२२ साली असा हिशेब मांडला गेला होता की मधुमेह आटोक्यात आणायचा तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्क्यांवर आणि प्रथिनं २० टक्क्यांच्या आसपास असावीत. कागदावर भीतीदायक वाटणारा हा बदल ताटात मांडून पाहा. दिवसाला सोळाशे कॅलरी खाणाऱ्याची कर्बोदकं ६२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणायची म्हणजे २४८ ग्रॅमवरून २०० ग्रॅमवर आणायची. फरक ४८ ग्रॅमचा, म्हणजे त्याच एका भाकरीचा. भाकरी सोडायची नाही, दिवसाकाठी एक कमी करायची. तिच्या जागी वाटीभर उसळ, दही, अंडी, माशाचा तुकडा किंवा सोयाबीनच्या वड्या, जे घरात चालत असेल ते.

आता किराणा यादी. घरातल्या भांड्यांत न मावणारा हिशेब इथे स्वच्छ दिसतो, कारण वाण्याने दिलेलं वजन खरं असतं आणि महिन्याभरात ते कोणाच्या तरी पोटातच जातं. चौघा प्रौढांचं घर धरू. महिन्याला तेलाचा पाच लिटरचा डबा संपतो. एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे डब्यात ४,५५० ग्रॅम तेल. चार माणसं आणि तीस दिवस यांनी भागलं की माणशी रोजचे ३८ ग्रॅम, कॅलरी ३४० च्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी आखलेल्या ताटात तेल-तुपाला मिळून २७ ग्रॅम दिले आहेत. वजन उतरवू पाहणाऱ्याला तर दोन हजारांपेक्षा कमीच खायचं असतं. साखर चार किलो लागत असेल तर माणशी ३३ ग्रॅम, म्हणजे एकशेतीस कॅलरी नुसत्या चहात आणि शिऱ्यात. जागतिक आरोग्य संघटना शक्य झाल्यास पंचवीस ग्रॅमच्या आत राहा म्हणते. गहू, तांदूळ, ज्वारी, पोहे, रवा, साबुदाणा सगळं मिळून बत्तीस किलो येत असेल तर माणशी रोजचं धान्य २६७ ग्रॅम. आणि डाळी-कडधान्यं? चार किलो, म्हणजे माणशी ३३ ग्रॅम. पोषण संस्थेच्या ताटात त्यांना ८५ ग्रॅम आहेत. मला या यादीत सगळ्यात जास्त खुपतो तो हाच आकडा.

पुढच्या महिन्याची यादी अशी करावी: धान्य चोवीस किलो, तेल चार लिटर, साखर दोन किलो, आणि डाळी-कडधान्यं सात किलो. माणशी रोजच्या धान्यातून सुमारे २३० कॅलरी गेल्या, तेलातून पासष्ट-सत्तर, साखरेतून तेवढ्याच. डाळींच्या पंच्याऐंशी वाढल्या. निव्वळ तूट २८० ची, आणि त्यासाठी जेवताना कोणालाही फोन उघडावा लागला नाही. तेलाचा डबा ओट्यावर न ठेवता आठवड्याचं तेल एका बाटलीत काढून ठेवलं की तोच पहारेकरी होतो: बाटली गुरुवारीच संपली तर भाजी कोणत्या दिवशी तळल्यासारखी झाली ते लगेच आठवतं. घरात वाढती मुलं असतील तर हा भागाकार बदलावा लागतो. मुलांच्या ताटातलं कमी करायचं नाही, त्यांच्या वाट्याचं धान्य यादीत तसंच ठेवून फक्त मोठ्यांच्या वाट्यात कपात करायची. शिवाय यादीला बाहेरचं खाणं दिसत नाही. स्टेशनबाहेरचा वडापाव साधारण तीनशे कॅलरींचा असतो, हापिसातले दोन गोड चहा वेगळे. त्यांची नोंद मात्र वहीत करावी. अशा गोष्टी मोजक्या असतात, म्हणून ती जमते.

एवढ्या तुटीने किती उतरेल? एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी, म्हणून २८० ला ३६५ ने गुणा आणि तेरा किलो म्हणा, असा हिशेब सर्रास सांगितला जातो आणि तो माणसाला निराश करतो. शरीर हलकं होतं तसा त्याचा खर्चही घटतो. केव्हिन हॉल यांच्याच चमूने २०११ साली मांडलेला ठोकताळा जास्त खरा आहे: रोजच्या खाण्यात कायमची २४ कॅलरींची कपात केली की शेवटी एक किलो वजन कमी होतं, पण त्यातलं निम्मं उतरायलाच वर्ष लागतं. म्हणजे २८० कॅलरींना वर्षात सहाएक किलो, आणि तीन वर्षांत अकराच्या आसपास. स्टॅनफर्डच्या दोन्ही गटांचं वर्षाला पाच-सहा किलोच उतरलं होतं, हे इथे आठवावं. पुढे भूक वाढते, हाही नुसता मनाचा खेळ नाही. मेलबर्नमधल्या पन्नास जणांच्या २०११च्या अभ्यासात वजन उतरल्यावर वर्षभरानेही भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि तृप्तीची उतरलेली आढळली होती. डाळी, दही, अंडी वाढवायची ती याचसाठी. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि चरबीबरोबर स्नायू झडणं कमी होतं.

‘आमचे आजी-आजोबा जन्मभर भाकरी-भात खाऊन सडपातळ राहिले, मग आता धान्याला दोष का?’ हा आक्षेप मनापासूनचा असतो आणि त्याला नुसतं हसून चालत नाही. त्यांच्या भाकरीबरोबर तेलाचा डबा नव्हता, साखर रेशनवर मोजून मिळायची, आणि दळण-पाणी-शेत यांत दिवस जायचा. आपण भाकरी तेवढीच ठेवली, भोवतालचं सगळं वाढवलं आणि श्रम काढून टाकले. दुसरं असं, की सडपातळ दिसणं आणि चरबी कमी असणं या दोन गोष्टी आपल्या शरीरात जुळतीलच असं नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेतलं वजनाचं माप, नेमका सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ ओलांडला की सावध व्हायचं असतं, आणि काट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा: कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या वर गेला तर बीएमआय काहीही म्हणो, पोटात चरबी आहे.

महाराष्ट्रात आणखी एक पद्धत घरोघर पोचली आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली दोन वेळा जेवण्याची, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवण्याची. अनेकांचं वजन तिने उतरतं, आणि त्याचं कारणही याच चौकटीत बसतं: चहा-बिस्किट, चिवडा, येता-जाता तोंडात टाकलेलं सगळं एका नियमाने बंद होतं. वेळेच्या मर्यादेत स्वतःची वेगळी जादू असते का, हे चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ जणांवर तपासलं गेलं. सगळ्यांना कॅलरी कमी दिल्या. अर्ध्यांनी त्या सकाळी आठ ते दुपारी चारच्या दरम्यानच खायच्या होत्या. २०२२ साली निकाल आला: वेळ पाळणाऱ्यांचं वर्षात ८ किलो उतरलं, न पाळणाऱ्यांचं ६.३, आणि हा फरक ठोस म्हणावा इतका निघाला नाही. ज्याला दोन जेवणं पेलतात त्याने तसं करावं. फक्त त्या दोन जेवणांत चार भाकऱ्या आणि तळलेलं चालतं असं समजू नये.

या सगळ्यात एका ठिकाणी मात्र स्वतःच्या मनाने पाऊल टाकायचं नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि अचानक कर्बोदकं कमी केली तर साखर धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते. घाम, थरथर, भोवळ ही तिची लक्षणं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने कडक लो-कार्ब केलं तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं, आणि त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून ते ओळखूही येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही वजन उतरताना कमी करावा लागतो. तेव्हा यादी बदलण्याआधी डॉक्टरांना औषधांची चिठ्ठी दाखवावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळी वाढवण्याआधी विचारावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी यातलं काहीच स्वतःहून करू नये, आणि आकडे मोजता मोजता ज्यांना जेवणाचीच धास्ती बसते त्यांनी वही आणि काटा दोन्ही बंद करावं.

उरलेल्यांत कोणी काय करावं? एकटं राहणारा, स्वतः रांधणारा, पाकीटबंद अन्न जास्त खाणारा आणि आकड्यांची आवड असलेला माणूस अ‍ॅपवर चांगला चालतो. परदेशी एकट्याने राहणाऱ्या मराठी मुला-मुलींना हेच सोयीचं पडतं, कारण तिथे जवळपास प्रत्येक डब्यावर आकडा असतो. ज्याला भात समोर आला की हात थांबत नाही, त्याला मोजण्यापेक्षा ‘रात्री भात नाही’ हा सरळ नियम पाळणं सोपं जातं. एकत्र कुटुंबात, एका पातेल्यातून जेवणाऱ्याने किराणा यादीला हात घालावा. काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर पाहावा आणि चार आठवड्यांची सरासरी काढावी. तीन महिने झाले तरी सरासरी हलली नाही, तर आहार बदलण्याआधी जुन्या तीन याद्या शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. डाळी वाढल्या, पण तेलाचा डबा अजूनही पाच लिटरचाच येतोय, असं त्यांत बऱ्याचदा निघतं.